न पडणारे अडथळे

सबमिशन तोंडावर आलेलं असताना सिनेमा बघायचा नसतो, हे आम्हालाही कळतं. तरी गेल्या शनिवारी कॉमन रूममध्ये 'चिल्ड्रन ऑफ हेवन' लावलाच. माजिद माजिदी या दिग्दर्शकाचा हा १९९७ चा सिनेमा. ऑस्करच्या परभाषिक विभागात नामांकन मिळालेला पहिला इराणी चित्रपट. खडकवासल्याच्या धरणावरून गार वारा सुटला होता आणि चादरी गुंडाळून वीसेक जण बसलो होतो.

गोष्ट साधी. अली हा तेहरानमधला गरीब घरातला पोरगा. बहिणीचे, झहराचे, दुरुस्त करून आणलेले बूट त्याच्या हातून हरवतात. घरभाडं थकलेलं, आई आजारी, मग वडिलांना सांगणार कसं? दोघं एकच जोड वापरतात. झहराची शाळा सकाळची. सुटली की ती धावत येते, गल्लीत बूट काढून देते आणि अली दुपारच्या शाळेकडे धावत सुटतो. पुढे एक शर्यत जाहीर होते. तिसऱ्या नंबराच्या बक्षिसात बूट आहेत. म्हणजे पठ्ठ्याला पहिलं यायचंच नाहीये! पण धावता धावता नेमका तोच पहिला येतो. लोक त्याला उचलून घेतात आणि हा रडत असतो.

"ही सगळी सिनेमातली गोष्ट. खऱ्यात असं कुठं होतं?" मागून कोणीतरी बोललं. हा लेख त्याच्यासाठी.

बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात मांडवा नावाचं गाव आहे. तिथल्या अविनाश साबळेचे आई-वडील वीटभट्टीवर राबायचे. शाळा सहा किलोमीटर लांब, जायला वाहन नाही. पोरगा कधी चालत, कधी पळत जायचा. बारावीनंतर घराला आधार म्हणून सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनलाही राहिला. शर्यतीत उतरला तो २०१५ मध्ये. म्हणजे अलीसारखंच झालं, सराव आधी आणि खेळ नंतर.

त्याचा प्रकार ३००० मीटर स्टीपलचेस. यात २८ अडथळे आणि त्याशिवाय पाण्यावरच्या ७ उड्या असतात. हर्डल्समधला अडथळा पाय लागला की पडतो. स्टीपलचेसमधला पडत नाही. जाडजूड तुळईच ती, पुरुषांसाठी ९१.४ सेंटिमीटर उंच. वरून उडी मारा, नाहीतर तिच्यावरच पाय ठेवून पुढे जा.

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेतलं. १९९४ नंतर या शर्यतीत केनियाबाहेर गेलेलं हे पहिलं पदक. सुवर्ण हुकलं ०.०५ सेकंदाने. आता कॅल्क्युलेटर काढा. सरासरी वेग सेकंदाला ६.१ मीटर, म्हणजे अंतर जेमतेम ३० सेंटिमीटर. आपल्या जर्नलवर ठेवतो ती फूटपट्टी! पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण मिळवलं.

आमच्या विंगमधला एक जण पहाटे धरणाच्या रस्त्याने धावायचा. घरी वडिलांचं आजारपण निघालं, तेव्हापासून बंद होतं. सिनेमा संपल्यावर तो काहीच बोलला नाही. रविवारी पहाटे पाचला त्याच्या दाराची कडी वाजली. मी कूस बदलून झोपलो. येत्या रविवारी मात्र मलाही उठव, असं सांगून ठेवलंय.