एमडीच्या किलोंची बातमी होते, तपासणीचे काय? नशा करणाऱ्या तरुणांनी लैंगिक आजारांच्या कोणत्या चाचण्या कराव्यात?

ऑगस्ट 2022 मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थ विरोधी पथकाने नालासोपाऱ्यात 700 किलोहून अधिक मेफेड्रोन, म्हणजेच 'एमडी' जप्त केले. किंमत सांगण्यात आली सुमारे 1,400 कोटी रुपये. वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीतून पाहिले तर हे प्रकरण लोकलच्या एका स्थानकावर घडले. अशा बातमीत किलो असतात, कोटी असतात, आरोपी असतात. ही पावडर ज्यांच्यापर्यंत पोहोचते, त्या विशी-पंचविशीतल्या मुलामुलींच्या प्रकृतीचे काय, हा प्रश्न मात्र बातमीत येत नाही.

नशेचा आणि लैंगिक आजारांचा संबंध काय?

एमडीमुळे झोप उडते, कामेच्छा वाढते आणि धोक्याचे भान कमी होते. कंडोम राहून जातो किंवा फाटला तरी लक्षात येत नाही. दारूचेही तेच, आणि दारू कितीतरी जास्त घरांत आहे. नोटेची नळी करून पावडर ओढताना नाकातले बारीकसे रक्त नळीला लागू शकते. तीच नळी दुसऱ्याने वापरली तर हिपॅटायटिस सीचा धोका असतो.

सर्वात मोठा धोका सुईचा. 2021 च्या राष्ट्रीय पाहणीत इंजेक्शनने नशा करणाऱ्यांत एचआयव्हीचे प्रमाण सुमारे 9 टक्के आढळले. देशातील एकूण प्रौढांत ते 0.2 टक्क्यांच्या आसपास आहे. हा आकडा सुई वापरणाऱ्यांचा आहे. नाकाने पावडर ओढणाऱ्या कॉलेजच्या मुलाला तो दाखवून घाबरवण्यात अर्थ नाही. त्याला कंडोमशिवाय झालेल्या संबंधांबद्दल विचारायला हवे.

कोणत्या चाचण्या कराव्यात?

रक्ताच्या चार: एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी आणि सी. लघवी किंवा स्रावाच्या नमुन्यावरून गनोरिया आणि क्लॅमिडिया. घसा किंवा गुदद्वारात झालेला संसर्ग लघवीच्या चाचणीत दिसत नाही, म्हणून संबंध कसे झाले हे डॉक्टरला सांगावे लागते. लाज वाटते, पण न सांगितल्यास चुकीच्या जागेचा नमुना जातो.

कालच्या रात्रीचा निकाल आज मिळत नाही. एचआयव्हीचा संसर्ग चाचणीत दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून आज अहवाल निगेटिव्ह आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करावी. सिफिलिसची जखम बहुधा दुखत नाही आणि आपोआप भरते. 'बरे झाले' असे वाटते, पण आजार अंगात राहतो.

यातले बरेचसे बरे होते. सिफिलिसवर पेनिसिलीन चालते. हिपॅटायटिस सी साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. 2018 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. हिपॅटायटिस बीची लस देशभरातील सरकारी लसीकरणात 2011 पासून आली. त्याआधी जन्मलेल्यांनी आपल्याला ती मिळाली होती का, हे आईला विचारावे.

मग अडते कुठे?

दारे दोन आहेत. व्यसनमुक्ती केंद्रात नशेबद्दल विचारतात, लैंगिक संबंधांबद्दल सहसा नाही. गुप्तरोगाच्या ओपीडीत उलटे. सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये मुख्यतः लक्षणे पाहून ठरावीक रंगांच्या औषधांच्या किट दिल्या जातात. खाज, जखम, स्राव असेल तर ही पद्धत झटपट आणि स्वस्त. पण क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक मुलींना काहीच जाणवत नाही. लक्षण नाही म्हणून किट नाही, आणि पुढे वंध्यत्वाची तक्रार घेऊन त्या येऊ शकतात. म्हणून दोन्ही गोष्टी स्वतःहून सांगाव्यात: 'मी नशा करतो' आणि 'माझे असुरक्षित संबंध आले आहेत'.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने ही दोन दारे एकत्र आणण्यासाठी 'संपूर्ण सुरक्षा केंद्र' सुरू केली आहेत. तिथे एचआयव्ही नसलेल्या, पण धोका असलेल्यांची एकत्रित तपासणी अपेक्षित आहे. ही केंद्रे अजून सगळीकडे नाहीत.

घरी किंवा पोलिसांना कळेल का?

2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि अहवाल गुप्त ठेवावा लागतो. इंजेक्शन घेणाऱ्याला नवी सुई देणे हा याच कायद्यानुसार गुन्हा नाही. अमली पदार्थांचे सेवन मात्र गुन्हा आहे. तरीही व्यसनी व्यक्ती स्वतःहून उपचाराला गेली, तर 1985 च्या कायद्यातील कलम 64 अ तिला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देते.

18 वर्षांखालच्यांसाठी वाट अवघड आहे. एचआयव्ही चाचणीला पालकांची संमती लागते. लैंगिक संबंधांची माहिती मिळाली तर पोक्सो कायद्यानुसार डॉक्टरला पोलिसांना कळवावे लागते, संबंध मर्जीने झाले असले तरी. 17 वर्षांची मुलगी यामुळेच गप्प बसते, आणि तिला तपासणीकडे आणण्याचा सोपा उपाय सध्याच्या कायद्यात नाही.

कुठे जायचे?

1097 या मोफत क्रमांकावर वसई पूर्वेला जवळचे चाचणी केंद्र विचारता येते. एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी तिथे मोफत असते आणि झटपट चाचणीचा अहवाल बहुधा त्याच दिवशी मिळतो. ओळखीचे कोणी भेटेल ही भीती असेल, तर मुंबईत जे. जे. आणि केईएम आहेत. व्यसनाबद्दल बोलायचे असेल तर 14446.

आदल्या रात्री नशा केली म्हणून रक्ताचा अहवाल बदलत नाही. पण नशेतच केंद्रावर पोहोचल्यास समुपदेशक दुसऱ्या दिवशी यायला सांगू शकतात, कारण संमती शुद्धीत दिलेली असावी लागते.