हलव्याला काटा येईपर्यंत

संक्रांतीचा हलवा दुकानात पाकिटात मिळतो आणि तो वाईटही नसतो. तरीही यंदा वाटीभर हलवा घरी करून बघा. मात्र एकट्याने नको. एका माणसाने एका दिवसात उरकावा असा हा पदार्थच नाही. संक्रांतीच्या चार-पाच दिवस आधी सुरुवात करा आणि रोज तासभर, जो हाताशी असेल त्याला परातीपुढे बसवा.

साहित्य ऐकून हसू येईल: पाव वाटी पॉलिशचे पांढरे तीळ, दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी आणि चमचाभर दूध. साखर-पाण्याला उकळी आली की दूध घाला, वर येणारी मळी काढा आणि पाक एकतारी झाला की गाळून ठेवा. लिंबू पिळायचा मोह टाळा. आंबटपणामुळे साखरेचे कण नीट धरत नाहीत आणि इथे तर सगळा खेळ त्या कणांचाच आहे. उकळत्या पाकाजवळ मुलांना येऊ देऊ नका. त्यांचं काम नंतर.

तीळ हलके भाजून परातीत घ्या. पूर्वी शेगडीतल्या निखाऱ्यांवर राख पसरत, म्हणजे धग बेताची राही. गॅसवर लोखंडी तवा ठेवून त्यावर परात ठेवा आणि आच अगदी मंद करा. बोटांना सोसेल इतकीच परात गरम हवी. आता तिळांवर चमचाभर पाक घाला आणि बोटांच्या टोकांनी हळूहळू फिरवत राहा. पाक सुकून तीळ मोकळे झाले की पुढचा चमचा. बोटं चिकट झाली की ओल्या फडक्याला पुसून कोरडी करा. सुटलेली पिठीसाखर अधूनमधून चाळून काढायची, हे मुलांचं काम. पहिल्या दिवशी नुसते पांढरे, गुळगुळीत तीळ दिसतात. बरेच जण इथेच कंटाळतात. काटा बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागतो.

जपानमध्ये अशीच एक काटेरी साखरगोळी असते, कोन्पेइतो. तीही गरम भांड्यात थोडा थोडा पाक घालत फिरवतात आणि तिला दोनेक आठवडे लागतात. म्हणजे आपलं तसं लवकर आटोपतं!

माझ्यावर ही वेळ बंगळुरूत आली. नव्या सुनेचा पहिला संक्रांतसण होता. आमच्याकडे दागिन्यांचा हलवा नेहमी सांगलीहून आई करून पाठवायची, पण आता तिची बोटं संधिवाताने वाकली आहेत. मग ती फोनच्या पडद्यावर आणि मी परातीपुढे. तिसऱ्या दिवशी छान काटे आले आणि घाईने मी तीन चमचे पाक एकदम घातला. सगळे काटे पाच मिनिटांत विरघळले. जास्तीचा पाक आधीची साखरही खातो, हे मला तेव्हा कळलं.

पडद्यावर आईला पाक सुकलाय की नाही ते दिसेना. ती म्हणाली, "फोन परातीजवळ ने, आवाज ऐकू दे." ओला हलवा मुका असतो, सुकला की परातीत खुळखुळतो. त्यानंतर ती डोळे मिटून ऐकायची आणि "हं, घाल आता" म्हणायची. लेक आणि सून आळीपाळीने बसले. सुनेचा हात माझ्यापेक्षा हलका निघाला.

हवा कोरडी आणि थंड असेल तर काटा चांगला धरतो. इंदूर, दिल्लीकडच्यांना हे सोपं जाईल. मुंबई-चेन्नईच्या दमट हवेत दाणे लवकर चिकटतात, म्हणून काम थांबलं की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

दागिने करताना दाण्याला भोक पाडू नका, तो फुटतो. दोऱ्याच्या फासात एकेक दाणा आवळत जा. आमचा हलवा जेमतेम नथ आणि कानातल्यांपुरता झाला. मुकुट, हार, बाजूबंद बाजारातून आणले. काळ्या साडीवर ती घरची नथ जरा ओबडधोबडच दिसत होती.

संध्याकाळी आईने ती फोनवर निरखून पाहिली आणि विचारलं, "पाक उरलाय ना? रथसप्तमीपर्यंत वेळ आहे. शेजारच्या बाळाचं बोरन्हाण व्हायचंय म्हणालीस ना?"