मोबाइलवरचा पोकर आणि मांडवीवरचे टेबल
परभणी जिल्ह्यातील पेडगावच्या ऑनलाइन पोकरपटूला कॅसिनोतील प्रत्यक्ष टेबलासाठी गोव्यात मांडवी नदीवरील जहाज गाठावे लागते, कारण महाराष्ट्राचा कॅसिनोंना परवाना देणारा १९७६ चा कायदा कधीच अमलात न येता २०२३ मध्ये रद्द झाला. मोबाइलवर पाळी आणि हिशेब संगणक सांभाळतो. टेबलावर मात्र ‘रेझ’, म्हणजे पैज वाढवल्याचे, तोंडाने न सांगता मोठ्या किमतीची एकच चिप, म्हणजे पैशांऐवजीची चकती, पुढे सरकवल्यास ती सहसा आधीच्या पैजेची केवळ बरोबरी धरली जाते, आणि नवखा नेमका इथेच फसतो. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा मंजूर केला. पण मोबाइलवरचा पैशांचा डाव बंद झाला म्हणून त्याच जुन्या सरावाच्या भरवशावर पिकाचा पैसा घेऊन कोणीही जहाजावर चढू नये.