खुराड्याची वरची फट

संक्रांतीच्या आगेमागे लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यात रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर उतरतो आणि परसातल्या खुराड्यांवर पोती चढतात. जाळीला गोणपाट, दाराला जुनी चादर, वरून खताच्या रिकाम्या पिशव्या. वाऱ्याला शिरायला जागा म्हणून ठेवायची नाही. सकाळी दार उघडलं की आतल्या वासाने डोळे चुरचुरतात. कोंबड्यांना थंडीपेक्षा हा वास महागात पडतो.

कोंबडीचं अंग मुळातच आपल्यापेक्षा तापलेलं, ४१ ते ४२ अंशांचं. गारठा वाढला की ती पिसं फुलवते; त्यांत कोंडलेली कोरडी हवा उष्णतेला सहजी वाट देत नाही. पायांवर पिसं नसतात, तिथे वेगळी सोय आहे. खाली जाणाऱ्या गरम रक्ताच्या वाहिन्या वर येणाऱ्या थंड रक्ताच्या वाहिन्यांना खेटून असतात, त्यामुळे बरीचशी ऊब पंजापर्यंत न जाता वाटेतूनच माघारी फिरते. दोन किलोची कोंबडी साधारण दहा वॅट उष्णता बाहेर टाकते. म्हणजे दहा कोंबड्या दाटीने बसल्या की शंभर वॅटची शेगडी झाली. पूर्ण पिसं आलेल्या गावरान कोंबडीला इकडची थंडी फार जड नाही.

तिला सोसत नाही ती ओल. रात्रभर श्वासातून वाफ निघते, विष्ठेतून पाणी. कोंबडीला वेगळी लघवी नाही. शरीरातला टाकाऊ नायट्रोजन विष्ठेवरच्या पांढऱ्या युरिक आम्लातून बाहेर पडतो. खालचं तूस ओलं राहिलं की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे २५ भाग झाले की श्वासनलिकेतली जंतू बाहेर ढकलणारी बारीक लव कामातून जाऊ लागते. मग घरघर, सर्दी, डोळ्यांना चिकटा. वास घ्यायचा तर वाकून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन घ्यावा. उभ्याने घेतलेला वास फसवतो.

यात पत्र्याची भर. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर दगडमातीच्या भिंती आणि माळवदांची या जिल्ह्याने धास्ती घेतली आणि पत्रे वाढले. धास्ती रास्तच होती. पण माळवद दिवसाची ऊब रात्री सावकाश सोडायचं. पत्रा निरभ्र आकाशाकडे उष्णता फेकून भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. कोंबड्यांच्या श्वासातली वाफ त्याच्या आतल्या अंगाला लागून पाणी होते आणि पहाटे थेंबाथेंबाने खालच्या तुसावर गळते. पत्र्याखाली पाचटाचा जाड थर बांधला तर हे बरंच थांबतं.

खुराडं पूर्व-पश्चिम लांब असावं, जाळीची बाजू दक्षिणेला. डिसेंबरअखेर इथला दुपारचा सूर्य दक्षिण आकाशात सुमारे ४८ अंशांवर असतो, त्यामुळे ऊन आत शिरून तूस वाळवतं. जूनमध्ये तोच सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेकडे झुकलेला. तेव्हा दीड फुटाची वळचण सावलीला पुरते. उत्तर आणि पूर्व बाजूंना शेणमातीने लिंपलेला तुराट्यांचा कूड घालावा. रात्री पोतं लावायचं असेल तर कोंबड्या बसतात त्या उंचीपर्यंतच. वळचणीखाली सहा इंचांची फट मात्र मोकळीच ठेवायची. दमट गरम हवा हलकी असल्याने तिथून निघून जाते आणि झोत कोंबडीच्या अंगावर येत नाही. फटीला बारीक जाळी हवी, नाहीतर मुंगूस वाट बघत असतंच. अमेरिकेत डॉ. प्रिन्स वुड्स यांनी १९१२ च्या सुमारास समोरून उघड्या कोंबडीघरांचा पुरस्कार करत पुस्तकच लिहिलं, तेही बर्फ पडणाऱ्या मुलखासाठी. मग चाकूरला कोंडून घ्यायचं कारण काय?

बसायला लोखंडी पाइप नको. दोन इंच रुंद, सपाट लाकडी फळी हवी. तिच्यावर कोंबडी पंजे पसरून त्यांवर पोट टेकते. लोखंड पायातली ऊब ओढून घेतं.

पिलांचा हिशेब मात्र निराळा. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब बहुतेक वीज उष्णतेतच उधळायचा, म्हणून तो उपयोगाचा. नऊ वॅटच्या एलईडीखाली पिलं उजेडात गारठतात. त्यात वीज गेली की संपलंच. अशा वेळी खुडूक झालेल्या गावरान कोंबडीला तोड नाही. वनराज, गिरिराज या सुधारित जाती सहसा खुडूक बसत नाहीत, म्हणून त्या पाळणाऱ्यांनीही एखादी गावरान ठेवावी.

डिसेंबरात अंडी घटतात त्याचाही दोष थंडीवर जातो. तेव्हा इथला दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो आणि भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. इथे मात्र एलईडी चालतो: पहाटे तीनेक तास लावला तरी फरक पडतो.

शिवरात्र झाली की पोती उतरवून ठेवावीत. मे महिन्यात याच पत्र्याखाली चाळीसच्या वरचं ऊन सोसायचं असतं आणि घाम न येणारी कोंबडी तेव्हा चोच उघडून धापा टाकते. तिच्या त्या श्वासातली वाफही याच फटीतून बाहेर पडायची आहे.