जुनी रायफल आणि तिला मानवणारें काडतूस

ठासणीची बंदूक कोंकणांतून अजून अगदींच नाहींशी झालेली नाहीं. रानडुकरांपासून शेताचें रक्षण करण्यासाठीं दिलेल्या परवान्यावर ती कोठें कोठें घराच्या भिंतीवर टांगलेली आढळते. तिचा धनी दारू मोजून नळींत ओततो, वर चिंधी ठासतो, छरे किंवा गोळी सोडतो आणि पुन्हां ठासतो. माप किती धरावें हें त्यास कोणीं छापून दिलेलें नसतें. आपली बंदूक काय सोसते आणि काय सोसत नाहीं, हें तो अनुभवानें जाणतो. हत्याराचा खुराक आपल्या हातानें ठरविण्याची ही रीत एके काळीं साऱ्या जगाची होती. धातूच्या तयार काडतुसानें ती मोडली. पुढें अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया इकडील नेमबाजांच्या मेजावर ती पुन्हां रुजली आणि महायुद्धांतून उरलेल्या, सरकारनें विकून टाकलेल्या जुन्या रायफलींच्या कामीं ती विशेष आली. त्या रायफलींत बंगालमधील इशापूरच्या कारखान्यांत घडलेल्याहि पुष्कळ आहेत. तेव्हां हा विषय आपणांस अगदीं परका मानण्याचें कारण नाहीं.

आपल्याकडे जिला ‘थ्री नॉट थ्री’ म्हणतात, ती ली-एन्फील्ड रायफल पोलिसांच्या खांद्यावर पाहिली नाहीं असा मनुष्य मागच्या पिढींत विरळा. तिच्या काडतुसाची जात १८८८ सालची. प्रथम त्यांत काळी दारू भरीत. थोड्याच वर्षांत तिच्या जागीं कॉर्डाइट आलें. १९१० सालीं ठरलेला त्याचा सातवा नमुना दोन्ही महायुद्धांत चालला. त्याची टोंकदार गोळी १७४ ग्रेन, म्हणजे सुमारें सव्वाअकरा ग्रॅम वजनाची, आणि वेग सेकंदास सुमारें २४४० फूट. हीं काडतुसें आपल्या खडकीसहि होत असत. पनवेलहून बोर घाट चढून पुण्याकडे गेलें कीं लागणारा तो दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा आहे.

कारखान्याचें काडतूस म्हणजे तयार कपडा. तो कोणाच्याहि अंगांत शिरला पाहिजे. कोणासहि नेटका बसला नाहीं तरी चालेल. खंदकांतील चिखल बंदुकींत गेला तरी काडतूस अडकूं नये, म्हणून ली-एन्फील्डची काडतूस बसण्याची कोठी मुद्दाम ऐसपैस ठेवीत. लढाईच्या घाईंत लक्षावधि नळ्या निघाल्या, त्यांच्या आंतील मापांत केसभर फरक राहिला, आणि तो कोणीं मोजला नाहीं. पलटणीला एका माणसाच्या नेमाशीं कर्तव्य नव्हतें, शंभर बंदुकांच्या माऱ्याशीं होतें. आज तीच रायफल एखाद्यानें कागदी निशाणीपुढें धरली आणि पांच गोळ्या वीतभर विखुरल्या, कीं तो बंदुकीला दोष देतो. दोष बहुधा बंदूक व काडतूस यांच्या न जुळलेल्या जोडींत असतो.

जोडी जुळविण्याचा आरंभ दारूपासून होत नाहीं, मापापासून होतो. मऊ शिशाची गोळी नळीच्या एका तोंडांतून हलके ठोकून दुसऱ्या तोंडांतून बाहेर काढतात. नळीच्या आंतील नागमोडी चरांचा ठसा तिच्यावर उठतो आणि तो मोजला कीं नळीचें खरें माप हातीं येतें. ली-एन्फील्डच्या बाबतींत येथेंच एक गंमत आहे. तिच्या नळीस चर पांच. त्यामुळें प्रत्येक चरासमोर चर न येतां उंचवटा येतो, आणि नेहमींचें माप-यंत्र दोन बाजूंनीं लावून खोली कळत नाहीं. हें ध्यानांत न घेतां मोजणाऱ्यानें नळी आहे त्याहून अरुंद समजावी, तिला बारीक गोळी द्यावी आणि मग निशाणीवरील विस्कळितपणाचें नवल करावें, असें पुष्कळदां घडतें.

नळीची झीज हा तर जुन्या बंदुकीचा जुनाट आजार. कॉर्डाइटची आंच फार प्रखर. तिनें नळीचा घसा, म्हणजे जेथें गोळी प्रथम चरांत शिरते ती जागा, झिजत जाते. दुसरा शत्रु अधिक गुप्त आहे. जुन्या काडतुसांच्या बुडाशीं ठिणगी देणारी जी टोपी असे, तिच्या मसाल्यांतून बार झाल्यावर एक प्रकारचा क्षार नळींत उरतो. तो मिठासारखाच हवेंतील ओल ओढून घेतो. म्हणून सैनिक बार संपतांच नळींत उकळतें पाणी ओतीत. नुसत्या तेलानें तो क्षार निघत नाहीं. कोंकणच्या पावसाळ्यांत न धुतलेल्या नळीची काय दशा होत असेल, तें ज्याच्या घरांत लोखंडी पेटी आहे त्यास सांगावयास नको.

झिजलेल्या नळीस गोळी किंचित् जाड हवी, आणि ती सपाट बुडाची असल्यास अधिक बरें. बाराच्या दाबानें असें बूड थोडें फुगतें आणि नळी घट्ट भरून काढतें. होडीच्या टोंकासारखें निमुळतें बूड दूर पल्ल्यावर हवा चांगली कापतें खरें, परंतु जुन्या नळींत तेंच बूड पोकळ जागा सोडतें. नवें तें चांगलें हा नियम येथें लागूं पडत नाहीं.

मग पितळी पुंगळीचा विचार. ऐसपैस कोठींत बार झाला कीं पुंगळी ताणून कोठीचा आकार घेते. ती पुन्हां मूळ मापावर दाबली आणि पुन्हां ताणली, असें चारदोन वेळां झालें म्हणजे बुडाजवळ पितळ पातळ होऊन ती तेथें तुटते, आणि तापलेला वायु बंदूक झाडणाराच्या तोंडाकडे येऊं शकतो. यास्तव जाणते लोक पुंगळीचें अंग तसेंच ठेवून केवळ मान आवळतात. मात्र अशी पुंगळी त्या एका रायफलीचीच झाली. शेजाऱ्याच्या रायफलींत ती कदाचित् बसणारहि नाहीं.

दारूचें वजन शेवटीं येतें. नव्या माणसाचा मोह वेगाकडे असतो, आणि जुन्या पोलादाच्या बाबतींत तो मोह जिवाशीं खेळणारा आहे. दारू करणाऱ्या कारखान्यांनीं प्रयोगानें बांधून दिलेल्या खालच्या मर्यादेपासून आरंभ करून अगदीं थोडथोडी वाढ करीत जावें. प्रत्येक मापाचीं पांच-पांच काडतुसें झाडावीं आणि गोळ्या कोठें गोळा होतात तें पाहावें. वेग वाढत असतांना मध्येंच एका ठिकाणीं छिद्रें एकवटतात, पुढें पुन्हां पांगतात. तें ठिकाण बहुधा सर्वोच्च वेगाच्या बरेंच अलीकडे असतें. पांच छिद्रें एकदां जवळ आलीं म्हणून हर्षून जाऊं नये. पांचांचा योग नशिबानेंहि जमतो. तेंच माप दुसऱ्या दिवशीं, वेगळ्या हवेंत, पुन्हां जमलें पाहिजे.

ह्या रायफलीचा एक स्वभाव तर थेट विरोधाभासाचा आहे. तिच्या बोल्टाची अडसर मागच्या बाजूस असल्यानें बार होतांना तिचें अंग किंचित् लवतें आणि नळीचें तोंड वर उसळतें. मंद गोळी नळींतून उशिरां सुटते, म्हणजे तोंड अधिक वर गेल्यावर सुटते. वेगवान गोळी आधीं व खालून जाते. जवळच्या निशाणीवर त्या एकीखालीं एक पडतात. हजार वारांवर मात्र मंद गोळीचें अधिक पडणें तिच्या अधिक उंचीनें भरून निघतें, आणि दोघी जवळ येतात. जवळ बरी नसलेली बंदूक दूरच्या पल्ल्यावर नांव काढते, तें ह्यामुळें.

आपल्या देशांत हा छंद घरोघर चालणें शक्य नाहीं, आणि नाहीं तें बरेंच आहे. १९५९ च्या शस्त्र-कायद्यानें परवान्यावांचून काडतूस बनविणें हा गुन्हा आहे. लष्करी मापाची थ्री नॉट थ्री खासगी माणसास वर्ज्य. त्याच्यासाठीं इशापूरनें ३१५ बोअरची निराळी रायफल काढली. थ्री नॉट थ्री राहिली ती शिपायाकडे. २००८ च्या २६ नोव्हेंबरच्या रात्रीं मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर रेल्वे पोलिसांच्या हातीं तीच होती, आणि नंतर तिची पुष्कळ कुचेष्टा झाली. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनीं २०२० च्या प्रजासत्ताकदिनीं तिला समारंभानें निरोप दिला. एकेक गोळी भरून झाडावयाची बंदूक आपोआप झडणाऱ्या शस्त्रापुढें तोकडी, हें खरेंच. पण बंदूक कोणतीहि असो, ती विशिष्ट काडतुसाशीं जुळवून पाहिली आहे कीं नाहीं, आणि ज्याच्या हातीं दिली त्यास तें काडतूस पुरेसें झाडावयास मिळालें कीं नाहीं, हा प्रश्न नव्या शस्त्राबरोबर मिटत नाहीं.

जुळवणीचें हें शास्त्र निर्धोक रूपानें पाहावयाचें असेल, तर पनवेलासच पाहतां येतें. सुमा शिरूर यांनीं तेथें ‘लक्ष्य’ हा नेमबाजीचा क्लब उभारला. २००४ सालीं क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेंत हवेच्या रायफलीनें ४०० पैकीं ४०० गुण मिळविणाऱ्या, आणि त्याच वर्षीं अथेन्सच्या ऑलिंपिकांत अंतिम फेरी गांठणाऱ्या त्या ह्याच. ह्या खेळांत दारू नाहीं, पुंगळी नाहीं. दाबलेली हवा आणि साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा. दहा मीटरवरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर रुंद. छऱ्यांचे डबे ४.४९, ४.५० आणि ४.५१ अशा मापांत येतात. कसलेला नेमबाज रायफल शिकंज्यांत पक्की आवळून एकेका डब्यांतले छरे त्याच नळींतून सोडून पाहतो. जो डबा एकाच भोंकांत छरे टाकतो, त्याच्यावरचा घाणीचा क्रमांक टिपून घेतो, आणि वर्षभर पुरतील इतके डबे त्याच क्रमांकाचे मागवितो.