पाणी कुठे मुरतंय?

मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत टँकरसमोर घागरींच्या रांगा लागल्या, तेव्हा पुणे, नाशिक, कोल्हापूरहून तिकडे नोकरीला गेलेल्या मुलांना घरून फोन जाऊ लागले : पाणी येतंय ना? शहराची रोजची गरज सुमारे २,६०० दशलक्ष लिटर. त्यातलं १,४७० कावेरीचं आणि ६५० जमिनीखालचं, म्हणजे तूट सुमारे ५०० दशलक्ष लिटरची, असं राज्य सरकारने सांगितलं. १३,९०० बोअरपैकी ६,९०० कोरड्या पडल्याचं उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी जाहीर केलं. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली, बाग शिंपली किंवा कारंजं चालवलं तर ५,००० रुपये दंड, असा पाणीपुरवठा मंडळाचा आदेश निघाला.

आदेश योग्यच होता. पण पाण्याची नासाडी म्हटली की गाडीवर सोडलेली नळी एवढंच आपल्या डोळ्यांपुढे येतं. घरातलं खूपसं पाणी मात्र कोणाच्या नजरेला न पडता जातं. संकोच न करता सांगायचं तर आपल्या समजुतीच त्याला वाट करून देतात.

गैरसमज : कावेरी पाणी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, आता प्रश्न मिटला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचवा टप्पा सुरू झाला आणि रोजच्या ७७५ दशलक्ष लिटरची भर पडली, हे खरं. महापालिकेत २००७ मध्ये आलेल्या ११० गावांसाठी ते पाणी आहे आणि त्यांना त्याची नितांत गरज होती. पण ते येतं कसं, हे समजून घ्यायला हवं. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, पठाराच्या माथ्यावर वसलेलं शहर. मोठी नदी शेजारी नाही. अर्कावती नदीवरचं हेसरघट्टा धरण १८९० च्या दशकात आणि तिप्पगोंडनहळ्ळी १९३३ मध्ये उपयोगात आलं, तेव्हाचं गाव त्यावर भागत होतं. १९७४ पासून कावेरीचं पाणी तोरेकाडनहळ्ळीहून सुमारे १०० किलोमीटर अंतर तोडून आणि सुमारे ५०० मीटर उंची चढून येतं.

एक हजार लिटर पाणी ५०० मीटर वर उचलायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशेबाने १.३६ युनिट वीज लागते. पंपांमधली आणि पाइपांमधली घट धरली की ती दोन युनिटांच्या घरात जाते. म्हणजे तुमच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी विनाकारण वाहून गेली, तर पाण्याबरोबर वीजही गटारात गेली. शिवाय कावेरीत हात घालायला मर्यादा आहे. फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बेंगळुरूसाठी ४.७५ टीएमसी पाणी वाढवून दिलं, ते तामिळनाडूशी चाललेल्या दीर्घ वादानंतर. सहावा, सातवा, आठवा टप्पा असं मागत राहायला ती नदी एकट्या बेंगळुरूची नाही.

आणि हवा थंड म्हणून पाणी कमी लागतं, ही जुनी समजूतही आता सोडून द्यावी. एप्रिल २०१६ मध्ये या शहराने ३९.२ अंश तापमान पाहिलं आहे.

गैरसमज : टपटपणारा नळ हाच घरातला पाण्याचा सर्वांत मोठा चोर.

टपटप कानावर येते, म्हणून तिचा राग येतो आणि प्लंबर बोलावला जातो. हिशेब करून पाहा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. थेंब बारीक असेल तर चार-पाच लिटर, टपोरा असेल तर वीसेक लिटर. वायसर बदलायलाच हवा, याबद्दल दुमत नाही.

पण फ्लशच्या टाकीतून भांड्यात झिरपणाऱ्या पाण्याचा आवाज येत नाही. मिनिटाला जेमतेम शंभर मिलीलिटर झिरपलं, तरी दिवसाला १४४ लिटर होतात. आपल्याकडे शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी पुरेसं, असा नियोजनाचा मापदंड आहे. म्हणजे एक बिघडलेला फ्लश घरातल्या एका जादा माणसाचं पाणी पिऊन टाकतो आणि महिनोन्‌महिने कोणाला पत्ता लागत नाही.

तपासणी अगदी सोपी आहे. रात्री झोपताना फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग किंवा बिटाचं पाणी टाका. अर्धा तास कोणी फ्लश ओढायचा नाही. भांड्यातल्या पाण्याला रंग चढला, की तळाचं रबरी सील गेलं आहे असं समजा. मात्र टाकीतलं पाणी मधल्या उभ्या नळीच्या काठापर्यंत आलेलं दिसलं, तर फुगा खाली घेऊन बसवावा लागतो. बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या घरांत ही दुरुस्ती वारंवार निघते, कारण क्षाराचा थर सीलवर आणि फुग्याच्या दांड्यावर बसतो. तिथे वर्षातून एकदा टाकी उघडून साफ करणं भागच आहे.

याच कुळातला दुसरा चोर म्हणजे संप, जमिनीतली साठवणीची टाकी. बेंगळुरूच्या स्वतंत्र घरांत कावेरीचं पाणी बऱ्याच भागांत एक दिवसाआड येतं, ते संपमध्ये साठतं आणि पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं. संपमधला फुगा अडकला, तर पाण्याची पाळी पहाटेची असल्यामुळे ते वाहून जाताना कोणी बघत नाही. गच्चीच्या टाकीच्या ओव्हरफ्लोची नळीही पुष्कळदा सरळ मोरीच्या पाइपला जोडलेली असते. मिनिटाला पन्नास लिटर चढवणारा पंप दहा मिनिटं जास्त चालला, तर पाचशे लिटर गेलंच. ही नळी काढून येण्याजाण्याच्या वाटेवर, पायरीजवळ सोडा. पाणी पायावर पडलं की माणूस पंप बंद करायला धावतो. पाण्याच्या पातळीवर बंद होणारा स्वयंचलित स्विच त्याहून बरा, पण तो बिघडू शकतो. पायरीजवळची नळी बिघडत नाही.

घरातली एकूण गळती ओळखायची असेल, तर मीटरचा आकडा टिपा, सगळे नळ बंद ठेवा आणि दोन तासांनी पुन्हा वाचा. संप असलेल्या घरात मात्र मीटर संपच्या आधी असतो. त्यामुळे तिथे गच्चीच्या टाकीतली पाण्याची पातळी रात्री आणि पहाटे काठीने मोजावी.

गैरसमज : सोलर बसवला म्हणजे बचतच बचत.

विजेची बचत, नक्कीच. कर्नाटकात २००७ पासून नव्या इमारतींना सौर बंब सक्तीचा आहे आणि बेंगळुरूच्या गच्च्यांवर ते जागोजागी दिसतात. पण बंब गच्चीवर आणि न्हाणीघर तळमजल्यावर. मधल्या पाइपमध्ये रात्रभर थंड झालेलं पाणी असतं आणि ऊन पाणी येईपर्यंत ते आपण मोरीत सोडून देतो. पाऊण इंची पाइपच्या दर मीटरमध्ये सुमारे ३०० मिलीलिटर पाणी मावतं. वीस मीटरचा पाइप असेल तर सहा लिटर. चार माणसांनी तासातासाच्या अंतराने आंघोळ केली तर रोजचे चोवीस आणि वर्षाचे साडेआठ हजार लिटरच्या वर! तेही स्वच्छ, पिण्यायोग्य, ५०० मीटर वर चढवलेलं पाणी.

उपाय घरातले आहेत. पहिली धार बादलीत धरा, ती कपडे भिजवायला वापरा. आंघोळी लागोपाठ उरका. पाइपवर फोमचं वेष्टण चढवा. नवं घर बांधत असाल तर दूरच्या न्हाणीघरासाठी अर्ध्या इंचाचा वेगळा पाइप टाकायला सांगा, त्यात पाणी निम्म्याच्या जवळपास मावतं. वास्तुविशारद हे आपणहून सुचवतीलच असं नाही.

गैरसमज : आरओ हवाच, आणि त्याचं सांडपाणी टाकाऊच.

घरगुती आरओ यंत्र एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर बाहेर टाकतं. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याला त्याची गरज पडू शकते. कावेरीच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या बरेच खाली असतात, आणि ५०० च्या खाली आरओ वापरूच नये, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये म्हटलं होतं. तिथे साधा फिल्टर आणि उकळणं पुरतं. ज्यांच्याकडे आरओ लागतोच, त्यांनी नळी बादलीत सोडावी. ते पाणी फरशी पुसायला, फ्लशला चालतं. कुंड्यांना मात्र सतत घालू नये, क्षार मातीत साठून रोपं करपतात.

गैरसमज : नळाला एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी जाळी) लावला की धार मंदावते आणि काम रेंगाळतं.

भांडी घासताना लागतो तो पसरणारा जोर, आणि हवा मिसळल्यामुळे तो मिळतो. मिनिटाला दहा-पंधरा लिटर सोडणारा नळ तीन ते सहा लिटरवर येतो. बादली भरायच्या नळाला तो लावण्यात अर्थ नाही, बादली तेवढीच भरायची असते. २०२४ च्या टंचाईत मंडळाने हॉटेलं, कार्यालयं, सोसायट्यांच्या सामायिक जागा इथे एरेटर सक्तीचे केले. घरांत ते अजूनही आपल्या मर्जीवर आहे.

गैरसमज : पावसाचं पाणी धरायला बेंगळुरूत पाऊस पडतोच कुठे?

मुंबईच्या मानाने हा पाऊस कमी वाटतो. पण वर्षाला सुमारे ९७० मिलिमीटर म्हणजे थोडका नव्हे, आणि आपल्याकडच्यासारखा तो चार महिन्यांत उरकूनही जात नाही. मे महिन्याच्या वळवापासून ऑक्टोबरपर्यंत तो पडत राहतो, सप्टेंबरात सर्वांत जास्त. त्यामुळे छोटी टाकीही वर्षात अनेकदा भरते. शंभर चौरस मीटर गच्चीवर वर्षाला ९७,००० लिटर पडतात. गळती, बाष्पीभवन आणि पहिल्या पावसाचं वाया घालवायचं पाणी वजा केलं तरी ७५,००० हाती लागायला हरकत नाही. चौघांच्या कुटुंबाला १३५ लिटरच्या हिशेबाने वर्षाला १,९७,१०० लिटर लागतात. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त गरज आकाशातून भागते.

२००९ च्या कायद्याने इथे साठ बाय चाळीस फुटांच्या वरच्या भूखंडांवरल्या जुन्या घरांना आणि तीस बाय चाळीसवरल्या नव्या घरांना पाऊसपाणी साठवण सक्तीची झाली. जयनगरात मंडळाने त्याचं कायमचं प्रदर्शन उभारलं आहे, बेंगळुरूला गेलात तर जरूर पाहा. मात्र पन्हळ जोडून, फोटो काढून फायली पूर्ण करणारेही थोडे नाहीत. वर्षभरात फिल्टर तुंबला की गच्चीचं पाणी पुन्हा गटारात जातं.

साठवायला जागा नसेल तर पाणी जमिनीत मुरवावं. तीनेक फूट रुंद आणि वीसेक फूट खोल पुनर्भरण विहीर त्यासाठी पुरते. जलतज्ज्ञ एस. विश्वनाथ आणि त्यांच्या बायोम संस्थेने दहा लाख विहिरींची मोहीम हाती घेतली, तेव्हा खोदायला पुढे आले सर्जापूर रस्त्यालगतच्या भोवीपाळ्याचे मण्णु वड्डर. आपल्या वडार समाजाचेच हे भाऊबंद, पिढ्यान्‌पिढ्या माती आणि दगडाशी झुंजलेले. बोअरची यंत्रं आल्यावर या लोकांच्या हातचं काम गेलं होतं. कब्बन पार्कमध्ये त्यांनी जुन्या विहिरी उपसून नव्या खोदल्या आणि विहिरींना पुन्हा पाणी दिसलं. कुठल्या थरात पाणी टिकेल हे माती हातात घेऊन सांगणारी ही माणसं शहराच्या पाणीखात्याची खरी जाणकार आहेत, असं मला मनापासून वाटतं. त्यांना तज्ज्ञांचा मान आणि तज्ज्ञांचा मोबदला मिळायला हवा.

गैरसमज : प्रक्रिया केलेलं सांडपाणी घाणच.

बेंगळुरूचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी २०१८ पासून कोलार जिल्ह्यातल्या कोरड्या तलावांत सोडलं जातं आणि तिथल्या विहिरींची पातळी वर आली. त्या पाण्याच्या दर्जाबद्दल, विशेषतः आणखी एक टप्पा शुद्धीकरण हवं याबद्दल, शेतकऱ्यांनी घेतलेले आक्षेप रास्त आहेत. पण फ्लशसाठी ते पाणी नाकारण्याचं काही कारण नाही. १३५ लिटरच्या मापदंडात ४५ लिटर फ्लशचे धरलेले असतात, म्हणजे तिसरा हिस्सा. मोठ्या सोसायट्यांत प्रक्रिया केंद्र आणि फ्लशची वेगळी लाइन असते, पण केंद्र बंद पडलं की व्यवस्थापक गुपचूप टँकरचं पाणी त्याच लाइनीत सोडतो.

पाण्याचा खर्च क्षेत्रफळावर वाटला जातो तिथे हे कोणाला कळतही नाही. प्रत्येक फ्लॅटला मीटर बसवायचं ठरवलं, तर दुसरी अडचण निघते : एकेका घरात स्वयंपाकघर आणि प्रत्येक न्हाणीघर यांसाठी वेगळी उभी लाइन आलेली असते, म्हणून एका घराला तीन-चार मीटर लागतात. खर्च वाढतो, तरी आपण किती वापरतो हे बिलावर दिसू लागलं की वापर उतरतो. मुलं बेंगळुरूत भाड्याचं घर बघायला निघाली असतील, तर त्यांना भाड्याआधी तीन गोष्टी विचारायला सांगा : पाणी कावेरीचं की बोअरचं की टँकरचं, बिल मीटरवर की क्षेत्रफळावर, आणि फ्लशला कुठलं पाणी येतं.