जंतूंचा पहारेकरी

धाकट्या मुलीला ताप येऊन पाच दिवस झाले होते. डॉक्टरांना विषमज्वराचा संशय होता. “रक्ताच्या कल्चरचा रिपोर्ट तीन दिवसांनी मिळेल,” असे सांगून प्रयोगशाळेतल्या माणसाने खिडकी लावून घेतली. ताप १०३ वर आणि रिपोर्ट तीन दिवसांवर! ते दिवस कसे गेले ते आमचे आम्हांलाच ठाऊक.

मुलगी बरी झाली. पण जंतू ओळखायला इतका वेळ का, हा प्रश्न मनातून जाईना. मी पडलो मराठीचा मास्तर. शेवटी रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना चहावर गाठले.

“अहो, एकटादुकटा जंतू दिसतो कुठे? त्याला खाऊपिऊ घालून वाढवायचा. लाखोंची वसाहत झाली की मग थाळीत ठिपका दिसतो.” रॉबर्ट कॉखने ही रीत रुळवली. १८८४ साली कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात त्याने पटकीचा जंतू पकडला, तो याच वाटेने.

आता मात्र वाढीची वाट न पाहता जंतूला दारातच ओळखणारे पहारेकरी तयार होत आहेत. हे जैवसंवेदक. त्यांतले कित्येक पॉलिमरचे, म्हणजे आमच्या मराठीत बहुवारिकाचे असतात. लहान लहान रेणू एकापुढे एक गुंफलेली लांबच लांब माळ! पॉलिडायअॅसिटिलीनची माळ निळी असते. जंतूला चिकटणारे रेणू तिच्यावर बसवतात. जंतू त्यांना बिलगला की माळेला पीळ पडतो आणि निळ्याचे तांबडे होते. १९९३ साली अमेरिकेत बर्कले येथे ही युक्ती इन्फ्लुएंझाच्या विषाणूवर साधली, पुढे ई. कोलाय या जंतूवरही.

दुसरा प्रकार ठशाचा. मऊ पॉलिमरवर जंतूचा ठसा उमटवून तो कडक करायचा. पुन्हा त्याच जातीचा जंतू आला की तो खाचेत नेमका बसतो. करंजीच्या साच्यात मोदक कसा बसणार?

“मग अडले कुठे?” मी विचारले.

“निळी माळ नुसत्या उष्णतेनेही तांबडी होते. रक्तात, दुधात इतर पदार्थांची गर्दी. शिवाय पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही चालत नाही. एवढ्या पाण्यातला तो एकटा चोर पकडायचा आहे!”

म्हणजे आजही भरवसा त्या थाळीवरच. खिडकीतल्या त्या माणसावरचा माझा राग गेला. तोही बिचारा जंतू वाढण्याचीच वाट पाहत होता. पण एखाद्या आईला उशाशी तीन दिवसांऐवजी तीन घटकाच बसावे लागेल, तो दिवस लवकर यावा. तोवर आमच्याकडे पाणी उकळूनच प्यायचे, असा घरातून हुकूम आहे.